नाक राखण्याच्या नादात

आठवीच्या वर्गात मी दर वर्षी वाक्प्रचारांचा एक तास घेते. आमची शाळा उर्दू माध्यमाची आणि मी तिथे मराठी शिकवते. मुलांच्या घरी कोकणी, दखनी, हिंदी असं काहीबाही बोललं जातं, त्यामुळे मराठी वाक्प्रचार त्यांना कोड्यासारखे वाटतात. म्हणून मी शरीराच्या अवयवांपासून सुरुवात करते. गेल्या वर्षी फळ्यावर ‘नाक’ हा शब्द लिहिला आणि यादी वाढत गेली. नाक मुरडणे, नाक खुपसणे, नाक घासणे, नाकी नऊ येणे, नाकाने कांदे सोलणे, नाकासमोर चालणे. ‘नाक कापणे’ मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. उर्दूतलं ‘नाक कटना’ त्यांना पाळण्यातच कळलेलं असतं. एका मुलीने विचारलं, “टीचर, इज्जत नाकातच का असते? हातात किंवा कानात का नाही?”

मी हसून म्हटलं, “कारण नाक चेहऱ्याच्या मधोमध असतं. ते लपवता येत नाही.”

उत्तर मला स्वतःलाच आवडलं होतं. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला आणि पुढचे दोन महिने मी तिला नेमकं तेच करायला शिकवलं, नाक लपवायला. त्याची किंमत तिच्या मुलाने मोजली. हे लिहायला त्याचीच परवानगी आहे. “नाव नको, खाला, बाकी सगळं लिही,” असं तो म्हणाला. म्हणून लिहिते आहे.

माझी बहीण लोअर परळला राहते, आमच्या अब्बांच्याच खोलीत. अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी कडेवर होते. अडीच लाख कामगारांचा तो संप कधी रीतसर संपलाच नाही. अब्बा वर्षभर गावी भात लावत राहिले, मग परत येऊन एका गोदामावर रखवालदार झाले. आज त्या गिरण्यांच्या आवारात मॉल, कचेऱ्या आणि खाण्यापिण्याची चकचकीत ठिकाणं आहेत. एखादी चिमणी तेवढी उभी दिसते. अब्बा हयात असते तर ज्या फाटकातून ते भोंग्यावर आत जायचे, त्याच फाटकातून त्यांचा नातू संध्याकाळी चार वाजता कामाला जाताना त्यांना दिसला असता. फरक इतकाच, की तिथे आता सूत निघत नाही.

भाचा बावीस वर्षांचा. बारावी झाला, हॉटेलचा छोटा कोर्स केला आणि एका रेस्टॉरंटात लागला. दुपारी चारला जायचा, पहाटे दोन-तीनला परत. पगार बरा, वर बक्षिसी. घरात त्याने पहिल्यांदा फ्रिज आणला तेव्हा बहिणीने मोहल्ल्यात फिरनी वाटली. तिला एकच भीती वाटायची, आगीची. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमधल्या आगीत चौदा माणसं गेली, ते आम्ही विसरलो नव्हतो. “आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता कुठून आहे?” असं ती त्याला पुन्हा पुन्हा विचारायची. आमची भीती खरी होती, पण आम्ही भलत्याच दाराकडे बघत बसलो होतो.

हिवाळ्यात त्याला सर्दी झाली आणि ती गेलीच नाही. सतत रुमाल, सतत नाक ओढणं. एसीतलं काम आहे, असं तो म्हणायचा. मी कलौंजीचं तेल दिलं, वाफ घ्यायला सांगितलं. एकदा माझ्या घरी जेवताना त्याचा घोळणा फुटला आणि वरणभाताच्या ताटात रक्ताचे दोन थेंब पडले. मी त्याचं डोकं मागे धरलं. पुढे कळलं, की तेसुद्धा चूक. डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा असतो, नाहीतर रक्त घशात उतरतं. जेवण तो अर्धं टाकू लागला. वजन उतरलं. सुट्टीच्या दिवशी सोळा-सोळा तास झोपायचा. बहीण म्हणायची, “किती राबतो माझा पोर.”

रमजान आला. घरच्या मोरीवर वुजू करताना तो नाकात पाणी घेईना. त्याच्या वडिलांच्या लक्षात आलं. तो म्हणाला, “रोजा आहे ना, अब्बू, पाणी खोल ओढायचं नसतं.” मसला बरोबर होता, म्हणून तेही गप्प बसले. पण इफ्तारनंतरही, इशाच्या वुजूलाही तो नाकाला नुसतं बोट लावायचा. मग एका सकाळी बहिणीने त्याची पँट धुवायला घेतली. खिशात रक्ताने माखलेला कापूस, गुंडाळून सुरळी केलेली दहाची नोट आणि नखाएवढी प्लास्टिकची रिकामी पुडी निघाली.

तिने मला फोन केला. रडत नव्हती, कुजबुजत होती. “आपा, कुणाला सांगू नकोस.”

मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. बी.एड. करताना किशोरवयीन मुलांच्या मानसशास्त्राचा पेपर दिला आहे. पालकसभेत व्यसनांवर बोलले आहे. आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, “सध्या गप्प बस. बकरी ईदनंतर मुलीचा निकाह आहे. चिपळूणच्या माणसांच्या कानावर गेलं तर नाक कापलं जाईल आपलं. निकाह होऊ दे, मग बघू डॉक्टरचं.” बहिणीने ऐकलं. आपा शिकलेली आहे, आपाला कळतं, असं तिला लहानपणापासून वाटत आलं आहे.

मुलाला आम्ही घरातल्या घरात ‘समजावलं’. त्याने अम्मीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मेहुण्यांना तर सांगितलंच नाही, कारण ते त्याला घराबाहेर काढतील ही भीती. नोकरी सोडवली नाही, कारण लग्नाचा खर्च होता. म्हणजे त्याच आवारात, त्याच सोबत्यांमध्ये, त्याच रात्रपाळीला त्याला पाठवत राहिलो आणि शपथेवर विसंबून राहिलो.

मे महिन्यात ही कोंडी फोडली माझ्या भाचीने, म्हणजे जिच्या निकाहासाठी हे सगळं चाललं होतं तिने. एका रात्री मी तिथे मुक्कामाला होते. सगळे ओळीने जमिनीवर झोपलो होतो. भाचा उशिरा येऊन झोपला आणि थोड्या वेळाने खोलीत बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बंद होई, पुन्हा येई. “खिडकीची फट वाजते,” बहीण अंधारात म्हणाली. भाची उठून बसली. “खिडकी नाही, अम्मी. भाईचा श्वास वाजतो. महिना झाला मी ऐकते आहे. तुम्हा दोघींना वाटतं मला काही ठाऊक नाही. माझ्या निकाहासाठी भाईला असा सोडू नका. मला नको असला निकाह.”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. त्याच्या उजव्या नाकपुडीत बारीक उजेड सोडला आणि मला म्हणाल्या, “टीचर, इकडे या, डाव्या बाजूने बघा.” डाव्या नाकपुडीतून उजेड बाहेर येत होता. मधल्या पडद्याला मसुराच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. कडांना रक्ताळलेल्या खपल्या. श्वास त्या भोकातून जाताना शिट्टी वाजत होती. माझी बहीण खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली.

डॉक्टरांनी आम्हाला जे समजावलं ते मी इथे सोपं करून सांगते, कारण ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं. आपल्या दोन नाकपुड्यांमध्ये जो पडदा असतो त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे कुरकुरीत मऊ हाडाचा असतो. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंना चिकटलेल्या पातळ ओल्या अस्तरातून तिला रक्ताचं पोषण मिळतं. कोकेनसारखी पूड नाकात ओढली की अस्तरातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. रक्त पोचत नाही. एकदा झालं तर अस्तर सावरतं. रोज होऊ लागलं की ते सुकतं, जखम होते, खपली धरते, खपली निघाली की पुन्हा रक्त. दोन्ही बाजूंचं अस्तर गेलं की मधली कूर्चा उपाशी मरते आणि तिथे भोक पडतं. अस्तराची जखम पूड थांबवली तर भरून येते. भोक मात्र आपोआप बुजत नाही. तरीही पूड चालू राहिली तर भोक वाढतं, नाकाचा दांडा मधोमध बसतो, आणि काहींच्या टाळूलाही छिद्र पडून प्यायलेलं पाणी नाकातून येतं.

“सुरुवातीला आला असतात तर?” बहिणीने विचारलं.

डॉक्टर थोडं थांबून म्हणाल्या, “तेव्हा बहुतेक नुसती जखम असेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण ते वाक्य माझ्यासाठीच होतं. ते दोन महिने मी बहिणीला सांगून घालवले होते.

मग त्यांनी भाच्याला विचारलं, “काय घेत होतास?” तो म्हणाला, “कोकेन. सोबतचे तसंच म्हणायचे.” डॉक्टर म्हणाल्या, “पुडीत काय होतं ते तुला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही आणि ज्याने विकली त्यालाही ठाऊक नसेल.” त्यांच्या अंदाजाने तो माल एमडीच असावा. एमडी म्हणजे मेफेड्रोन. वर्तमानपत्रांनी त्याला ‘म्याव म्याव’ म्हणून ओळख दिली. ते झाडापासून बनत नाही, कारखान्यात रसायनांपासून बनतं. आपल्याकडे ५ फेब्रुवारी २०१५ ला ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्याआधी ते विकणाऱ्यावर त्या कायद्याने हात टाकता येत नव्हता. दिल्ली किंवा सरहद्दीपलीकडून येणारी ही चीज नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाच्या वरळी शाखेने नालासोपाऱ्यात सुमारे ७०० किलो एमडी पकडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. म्हणजे ही पूड आपल्या ओळखीच्या गावांत बनते आणि आपल्या ओळखीच्या नाक्यावर विकली जाते. एमडीनेही नाकात आग होते, अस्तर सोलवटतं, घोळणा फुटतो.

त्यात भेसळ. आपण दुधात पाणी आणि मिरचीत विटेची पूड ऐकली आहे. तिथे निदान अन्न निरीक्षक असतो, दुकानाला पाटी असते, तक्रार करता येते. पुडीच्या धंद्यात प्रत्येक हात आपला नफा काढायला काहीतरी मिसळतो आणि विचारणारा कोणी नसतो. जगात यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण लेव्हॅमिसोलचं आहे. हे जंतांचं औषध. गुराढोरांना, शेळ्यामेंढ्यांना पाजतात. माणसांनाही पूर्वी देत, पण त्याने काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात असं दिसल्यावर अमेरिकेत २००० साली माणसांसाठी ते बंद झालं. दिसायला पांढरं, स्वस्त, म्हणून ते कोकेनमध्ये मिसळलं जाऊ लागलं. २००९ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं, की देशात येताना पकडलेल्या कोकेनपैकी सुमारे ७० टक्के मालात ते सापडतं. लोक इस्पितळात येऊ लागले ते तापाने आणि घशातल्या फोडांनी, कारण जंतूंशी लढायला पेशीच उरल्या नव्हत्या. काहींच्या कानाच्या पाळ्या, गाल, नाकाचा शेंडा काळानिळा पडून मांस मरायला लागलं. त्यांचं शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटलं होतं. हे दुखणं रक्ततपासणीत एका वेगळ्याच आजारासारखं दिसतं, त्यामुळे मुलगा खरं सांगत नसेल तर डॉक्टरही चकतात आणि भलतेच उपचार सुरू होतात. म्हणून डॉक्टरांनी भाच्याच्या रक्ताच्या दोन-तीन तपासण्या करून घेतल्या. पांढऱ्या पेशी ठीक निघाल्या, अलहम्दुलिल्लाह.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, “बेटा, तू तर दारूच्या बाटलीला हातसुद्धा लावत नव्हतास. टेबलावर नेऊन ठेवावी लागते म्हणून तुला झोप लागत नव्हती.” तो म्हणाला, “म्हणूनच तर, खाला. दारू हराम, हे डोक्यात पक्कं होतं. ही पूड दारू वाटलीच नाही. पहिल्यांदा दिली ती ‘घे, पाय दुखणार नाहीत, जागा राहशील’ म्हणून. औषधासारखी. वास नाही, तोल जात नाही, घरी येऊन अम्मीशी नीट बोलता येतं.”

माझ्या बहिणींनो, हे वाक्य मी कितीदा तरी मनात घोळवलं. आपल्या घरांत दारूवर पहारा आहे आणि तो चांगलाच आहे. पण आपला पहारेकरी कोण, तर आईचं नाक. मुलगा रात्री आला की आपण वास घेतो. वास नसला की निश्चिंत होतो. ज्या पुडीला वास नाही ती आपल्या पहाऱ्याखालून सहज आत येते. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट वर्ज्य आहे, हे आपण मुलांना सांगतो खरं, पण उदाहरण देताना फक्त बाटलीचं देतो. मुलं उदाहरण लक्षात ठेवतात, नियम विसरतात. शिक्षिका म्हणून ही चूक मला ओळखता यायला हवी होती.

मेहुण्यांना मी स्वतः सांगितलं. ते खूप ओरडले, मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, “कधी न्यायचं त्याला दवाखान्यात?” ज्या माणसाला आम्ही दोन महिने घाबरलो, त्याने दोन तास घेतले. चिपळूणच्या मंडळींनाही सांगायचं ठरलं. भाचीचाच आग्रह होता. आठ दिवस तिकडून फोन आला नाही. ते आठ दिवस माझ्या बहिणीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. मग मुलाच्या वडिलांचा फोन आला, की तारीख तीच राहील. त्यांच्याकडचे एक चुलते निकाहाला आले नाहीत, आपल्याकडचे दोघे-तिघे जेवताना कुजबुजले. इतकंच झालं. ज्याला आपण नाक कापलं जाणं म्हणतो ते एवढंच होतं, आणि त्यासाठी मी एका मुलाचं खरोखरचं नाक पणाला लावलं होतं.

इतिहासात एक गोष्ट आहे, ती मी आता वर्गात सांगते. १७९२ च्या सुमारास टिपू सुलतान आणि इंग्रजांच्या लढाईत कावसजी नावाचा इंग्रजांच्या सैन्याचा गाडीवान पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून खाली आणली आणि त्याला नवं नाक बसवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं वर्णन छापलं गेलं आणि तिथून ही आपल्याकडची जुनी विद्या युरोपात गेली. आजही जगभर कपाळाच्या कातडीने नाक घडवतात. कावसजी चारचौघांसमोर बसला, म्हणून त्याला नाक मिळालं. तोंड झाकून घरात बसला असता तर मिळालं नसतं.

पण आजचे डॉक्टर एक अट घालतात. पूड सुटून बरेच महिने झाल्याशिवाय भोक शिवत नाहीत, कारण पुन्हा ओढलं की शिवलेलंही जातं. भाच्याला सध्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मलम लावणं आणि खपली न काढणं एवढंच सांगितलं आहे. खरं काम व्यसनमुक्तीचं. परळच्या केईएम रुग्णालयासारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाकडे हे उपचार होतात. पुण्याचं मुक्तांगण तर १९८६ पासून आहे. त्या काळी गर्दने मुंबई-पुण्याची पोरं पोखरली होती. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैसे दिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभं केलं, हे मला नव्या पिढीला सांगावंसं वाटतं. गर्द गेला, एमडी आली, पण बरं होण्याची वाट तेव्हाही होती, आजही आहे.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते, आपल्या घरांत जरा जास्तच. म्हणून हेही लिहिते. अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. स्वतः सेवन करणारा किंवा अल्प प्रमाण जवळ असलेला व्यसनी स्वखुशीने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्याने पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे १४४४६. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. नाव न सांगताही विचारता येतं. मी पहिला फोन असाच केला होता.

एक सावधगिरी. घोळणा फुटला की लगेच पोरावर संशय घेऊ नका. उन्हाळ्यात, नाकात बोट घालण्याने, रक्तदाबाने, डेंगीच्या तापातही रक्त येतं. नाकाच्या पडद्याला भोक इतर आजारांनी पडतं, क्रोमचा मुलामा देण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांनाही पडतं. पण न संपणारी एकाच प्रकारची सर्दी, वारंवार रक्त आणि खपल्या, वास न येणं, श्वासाची शिट्टी, आणि जोडीला उडालेली भूक, रात्ररात्र जागरण, मग दिवस दिवस झोप, पैशांचा मेळ न लागणं, हे एकत्र दिसलं तर कलौंजीवर थांबू नका. शपथही घालू नका. शपथ मोडली की मुलगा खोटं बोलायला शिकतो. डॉक्टरांकडे न्या आणि तिथे खरं सांगा.

भाच्याने ती नोकरी सोडली. उपचारांच्या तिसऱ्या महिन्यात तो एकदा घसरला. दोन दिवस घरी आला नाही. आला तेव्हा त्याने स्वतःच सांगितलं, आणि आम्ही त्याला पुन्हा घेऊन गेलो. आता दादरच्या एका दुकानात दिवसपाळीला जातो. पगार कमी आहे. वुजूला बसला की ओंजळीतलं पाणी नाकाला हळूच लावतो, डॉक्टरांनी शिकवलं तसं. भोक अजून आहे. बहिणीला मी परवा विचारलं, “ती शिट्टी ऐकून तुला झोप येते का गं?” ती म्हणाली, “आपा, आता ती ऐकू आली की बरं वाटतं. पोर घरात आहे, झोपला आहे, एवढं कळतं.”

यंदा वाक्प्रचारांचा तास घेताना त्याच प्रश्नाचं मी वेगळं उत्तर दिलं. म्हटलं, इज्जत नाकात नसते, मुलांनो. नाकात श्वास असतो. तो आधी सांभाळा. तुमच्या घरात कुणी असा रुमाल लपवत असेल तर माझ्यासारखं ईदची आणि निकाहाची वाट बघू नका. आजच विचारा, शांतपणे विचारा, आणि त्याचा हात धरून घराबाहेर पडा. अल्लाह सगळ्यांच्या लेकरांना सलामत ठेवो.